कारतूस साहेबांच्या मागोमाग

लेण्याद्रीच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात. सकाळचे सात वाजलेत. गोळेगावच्या बाजूने गार वारा येतोय, दुकानांच्या फळ्या उघडतायत, टोपल्यांत दुर्वांच्या जुड्या आणि नारळ मांडले जातायत. समोर दगडी पायऱ्या, तीनशेच्या आसपास. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाले थांबलेत. तुम्हाला डोली नको. तुम्ही चढायला लागता. वळणावर मागे पाहिलं की कुकडीचं खोरं दिसतं आणि त्यापलीकडे शिवनेरीचा कडा.

वर पोहोचलात की गिरिजात्मजाचं दर्शन घ्या. हे सातवं लेणं. एकही खांब नसलेला प्रचंड मंडप आणि भोवती भिक्षूंच्या वीस खोल्या. मग शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, या. आत स्तूप आहे, खांबांच्या माथ्यावर हत्ती-सिंह बसलेत. इथेच थांबा. डोळे मिटायची गरज नाही, नुसती वर्षं मागे सोडून द्या. शिवाजी महाराजांचा जन्म मागे टाका, यादव मागे टाका, आणखी मागे जा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात आपण थांबणार आहोत.

आता कानावर छिन्नीचा आवाज पडतोय. दगडाची बारीक धूळ घशात जातेय. खाली जुन्नर हे गजबजलेलं नगर आहे. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून इथे येतो आणि पुढे पैठणकडे जातो. बैल, ओझी, हिशेब, घासाघीस असा दिवसभराचा गलका आहे. हे चैत्यगृह ज्याच्या पैशातून कोरलं गेलं तो सुलसदत्त कल्याणचा. त्याचं नाव दारावरच्या लेखात आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत आणि त्यांतल्या काही लेखांत नावापुढे ‘यवन’ लिहिलंय. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी कोरून दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. त्यांचे पूर्वज कुठल्या समुद्रापलीकडून आले, घरात कोणती भाषा बोलत, याचा इथल्या तहानलेल्या माणसाने कधी विचार केला नसेल. टाक्यात पाणी होतं आणि ते त्याने ओंजळीने प्यायलं.

मी तुम्हाला इथे आणलं ते इरिलच्या टाक्यांची आठवण करून द्यायला. कारण आता जिथे जायचंय तिथल्या माणसाचं नावही परकं वाटावं असं आहे. इयान कार्डोझो. मुंबईच्या कॅथलिक घरातला मुलगा, गुरख्यांच्या पलटणीतला अधिकारी, निवृत्तीनंतर अपंगांच्या कामाला वाहून घेतलेला कार्यकर्ता. त्याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल, खुकरीची. ती सांगून लोक थांबतात. आपण थांबायचं नाही.

चला, आता वर्षं पुढे सरकवू या. १९४६. धोबीतलाव.

सकाळची ट्राम खडखडत गेली. इराण्याच्या दुकानातून ब्रून पावाचा वास येतोय. गोव्याहून आलेले खलाशी आपल्या गावाच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहात पेट्या ठेवून पुढच्या बोटीची वाट पाहतायत. कुणी व्हायोलिनचा डबा घेऊन सिनेमाच्या स्टुडिओकडे निघालाय. रस्त्याच्या कडेला झेवियर हायस्कूल आहे, जेझुइट पाद्र्यांचं. मुलं रांगेने आत जातायत. त्यांत कुठेतरी नऊ वर्षांचा इयान असेल, जन्म ७ ऑगस्ट १९३७ चा. या मुलांनी दोनच वर्षांपूर्वी, १४ एप्रिल १९४४ ला, गोदीतल्या बोटीचा स्फोट ऐकलाय. या वर्षीच्या फेब्रुवारीत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं तेव्हा त्यांनी फोर्टातला गोळीबारही ऐकला असणार. शहर हादरताना पाहिलेली ही पिढी आहे. याच पिढीतला हा मुलगा पुढे झेवियर कॉलेजात गेला आणि तिथून सैन्यात.

त्या काळच्या मुंबईतल्या कॅथलिक घरांत मुलाने लष्करात जाणं ही अपवादाची गोष्ट नव्हती. रेल्वे, गोदी, तारखातं, बँड, दवाखाने, शाळा आणि फौज, या सगळ्या ठिकाणी ही माणसं होती. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज हेही मूळच्या गोव्याच्याच घरातले, मुंबईत जन्मलेले. आपल्या मराठी आठवणीत मात्र ही माणसं नाताळच्या केकपुरती आणि वांद्र्याच्या जत्रेपुरती उरतात, याचं मला वाईट वाटतं.

आता खडकवासला. १९५० च्या दशकाचा मध्य. तुम्ही पुन्हा पुणे जिल्ह्यात आलात, पण लेण्याद्रीपासून दूर, सिंहगडाच्या छायेत. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी देहरादूनहून नुकतीच इथे आलीय. जानेवारी १९५५ मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. सुदान ब्लॉकचा घुमट नवाकोरा आहे, झाडं अजून खांद्याएवढी आहेत, परेडच्या मैदानावर बुटांचे ठोके पडतायत. इथे इयान कार्डोझोच्या नावावर एक गोष्ट लिहिली गेली. सर्वांगीण कामगिरीचं सुवर्णपदक आणि गुणवत्ता यादीत पहिला आल्याचं रौप्यपदक, दोन्ही एकाच वेळी मिळवणारा तो प्रबोधिनीचा पहिला छात्र. पहाटेच्या धुक्यात, पाठीवर पिठ्ठू घेऊन पळणाऱ्या त्या पोरांच्या ओळीकडे नीट बघून घ्या. त्यातल्या एकाचे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि त्याला पळायला आवडतं. पुढे हे आठवावं लागेल.

तिथून तो पाचव्या गुरखा रायफल्समध्ये गेला. नेपाळच्या डोंगरातल्या जवानांना ‘कार्डोझो’ हे नाव उच्चारायला जड जायचं. त्यांनी त्याचं ‘कारतूस’ केलं. तेव्हापासून तो ‘कारतूस साहेब’.

दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या दशैंच्या दिवशी पलटणीत या. सैन्यातला रिवाज असा की अधिकारी आपल्या जवानांच्या देवासमोर त्यांच्यासोबत उभा राहतो. घरचा देव कोणताही असो, पलटणीचा सण तो आपला सण. चर्चमध्ये गुडघे टेकायला शिकलेला माणूस इथे कपाळाला टिळा लावून उभा आहे, आणि लढाईच्या क्षणी ‘जय महाकाली, आयो गोरखाली’ ही आरोळी त्याच्याही गळ्यातून येणार आहे. सर्वधर्मसमभावावर आपण भाषणं पुष्कळ ऐकतो. हा माणूस तो रोजच्या हजेरीत जगत होता.

आता १९७१ चा डिसेंबर. इथे आपल्याला बराच वेळ थांबायचं आहे, म्हणून अंगावर काहीतरी गरम घ्या.

कार्डोझो तेव्हा मेजर आहेत, वय चौतीस. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात त्यांचा अभ्यासक्रम चालू आहे. त्यांची पलटण, ४/५ गुरखा रायफल्स, पूर्व पाकिस्तानात सिल्हेटच्या बाजूला लढतेय. पलटणीचे प्रमुख आहेत लेफ्टनंट कर्नल अरुण हरोलीकर. आपलाच मराठी माणूस. नोव्हेंबरात आटग्रामच्या ठाण्यावर या पलटणीने खुकऱ्या उपसून हल्ला केला, आणि त्या मोहिमेतल्या नेतृत्वासाठी हरोलीकरांना पुढे महावीर चक्र मिळालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाझीपूरच्या लढाईत पलटणीचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मेजर श्याम केळकर पडले. त्यांची जागा घ्यायला कार्डोझोंना हुकूम आला. वेलिंग्टनचं घर, बायको, मुलं सोडून ते निघाले. एका मराठी मेजरच्या रिकाम्या जागेवर, एका मराठी कर्नलच्या हाताखाली, नेपाळी जवानांच्या पलटणीत, मुंबईचा हा कॅथलिक अधिकारी रुजू झाला.

७ डिसेंबर, दुपार. तुम्ही एमआय-४ हेलिकॉप्टरच्या पोटात बसलाय. कान बधिर झालेत. शेजारी गुडघ्याला गुडघा लावून गुरखे बसलेत, कमरेला खुकरी. खाली भाताची कापलेली शेतं, मग सुरमा नदीचा चकाकणारा पट्टा, मग सिल्हेट. भारतीय सैन्याने हेलिकॉप्टरने शत्रूच्या पिछाडीला उतरून केलेला हा पहिला हल्ला. चाकं जमिनीला टेकायच्या आत गोळ्या सुरू होतात. उडी मारा, आडवे व्हा, तोंड मातीत घाला. ओली, थंड माती आहे ती.

पुढचे दिवस सांगायला सोपे आहेत आणि भोगायला फार अवघड होते. पलटणीचे जेमतेम ३८४ जण. समोर पाकिस्तानची एक ब्रिगेड, आणि मौलवीबाजारहून माघार घेतलेली दुसरी ब्रिगेडही सिल्हेटमध्येच येऊन बसलेली. लवकरच येतील म्हणून सांगितलेल्या तुकड्या येत नाहीत. खायला जवळजवळ काही नाही. पाणी नाही, दारूगोळा मोजून वापरायचा. जखमी माणसं खंदकात कण्हतायत आणि रात्री थंडी हाडात शिरतेय. तुमच्या पोटात भूक आहे, तरी तुम्हाला जागं राहायचं आहे.

अशात रेडिओवर बीबीसीची बातमी लागते की सिल्हेटला गुरख्यांची एक ब्रिगेड उतरली आहे. ब्रिगेड म्हणजे तीन-चार पलटणी. बातमी चुकीची आहे, पण शत्रूही तीच ऐकतोय. हरोलीकर आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की आपण ब्रिगेडच व्हायचं. मग तुकड्या लांबलांब पसरल्या, मोर्चा रुंद केला, ठिकठिकाणाहून गोळीबार होत राहिला. आठवडाभर हा पसारा टिकला. १५ तारखेला पाकिस्तानी सैनिक पांढरी निशाणं घेऊन आले. त्यांना ब्रिगेडच्या कमांडरपुढे शरण यायचं होतं, आणि तिथे ब्रिगेड कमांडर नव्हताच. पलटण ज्या ब्रिगेडची होती तिचे प्रमुख ब्रिगेडियर क्विन यांना बोलावून घ्यावं लागलं. काही हजार सैनिक, शे-दीडशे अधिकारी, त्यांत तीन ब्रिगेडियर, एवढ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. वेगवेगळ्या दिशांनी भारतीय तुकड्या सिल्हेटवर चालून येत होत्या, त्यांचाही वाटा त्यात होता. पण उपाशी पोटी नऊ दिवस जमीन धरून बसलेले ते पावणेचारशे नसते तर हे इतक्या लवकर झालं नसतं.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. युद्ध संपलं.

आणि आता तुमचा पाय जपून टाका.

सीमा सुरक्षा दलाच्या एका तुकडीला मदत हवी होती म्हणून कार्डोझो तिकडे निघाले. वाटेत सुरुंगावर पाय पडला. स्फोटाचा धूर विरला तेव्हा एक बांगलादेशी माणूस धावत आला, त्याने त्यांना उचलून पलटणीच्या मुख्यालयात आणलं. पायाच्या चिंध्या झाल्या होत्या. मॉर्फिन मिळेना. कापायला शस्त्रक्रियेचं सामान नव्हतं. त्यांनी सोबतच्या गुरख्याला सांगितलं, खुकरी घे आणि हा पाय तोड. त्याच्याने ते होईना. तेव्हा त्यांनी खुकरी मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने पाय कापला, आणि तो पुरून टाक म्हणून सांगितलं.

मी तुम्हाला तो क्षण जवळून पाहायला लावणार नाही. तिथे उभे राहा आणि मान खाली घाला, एवढंच.

यानंतरचा प्रसंग मला अधिक विचार करायला लावतो. शस्त्रक्रिया करू शकेल असा सर्जन जवळपास एकच होता. तो शरण आलेल्या पाकिस्तानी सैन्यातला होता, मेजर मोहम्मद बशीर. कार्डोझोंनी आधी नकार दिला. शत्रूच्या डॉक्टरच्या हाताखाली जायचं नव्हतं, शत्रूचं रक्त अंगात नको होतं. हरोलीकरांनी समजूत घातली, थोडं रागावून. मग ते तयार झाले, पण पाकिस्तानी रक्त चढवायचं नाही ही अट कायम. मेजर बशीरनी शस्त्रक्रिया केली, चांगली केली. दोन दिवसांपूर्वी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या त्याचा जीव एका युद्धकैदी डॉक्टरने वाचवला. पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगताना कार्डोझोंनी त्या डॉक्टरचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. माझ्या मते खुकरीच्या घावाइतकंच हे ऋण मान्य करणंही त्यांच्या शौर्यात धरायला हवं.

लोकांची गोष्ट इथे संपते. तुम्ही मात्र आता माझ्याबरोबर पुण्यात या, वानवडीला.

१९७० च्या दशकाची सुरुवात. इथलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झालं. तीन युद्धं पाहून झाल्यावर आता १९७१ ची माणसं आलीत. लाकूड तासल्याचा वास येतोय, चामड्याचे पट्टे, प्लास्टरचे साचे, ठोकाठोक. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये एक कोवळा जवान उभा आहे. हात दांड्यांवर, कपाळावर घाम, नजर स्वतःच्या नव्या पायावर. एक पाऊल पडलं. दुसरं चुकलं. तंत्रज्ञ खाली बसून पट्टा पुन्हा आवळतो. बाहेर त्याच्या गावाकडून बाप आलाय, डोक्यावर मुंडासं, हातात पिशवी, पोराकडे बघायचं धाडस होत नाही. पाय जाणं म्हणजे नेमकं काय, हे रणांगणावर कळत नाही, या खोलीत कळतं. शेत कोण कसणार, लग्न कसं होणार, एसटीच्या पायऱ्या कशा चढणार. हे प्रश्न अधिकाऱ्यालाही सुटत नाहीत, मग जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून भरती झालेल्या शिपायाचं काय होत असेल?

कार्डोझोंच्या वाट्याला आलेला प्रश्न असा होता: अपंग अधिकाऱ्याने लढाऊ पलटणीचं नेतृत्व करायचं नाही, ही सैन्याची रीत. टेबलाची नोकरी मिळेल, मान मिळेल, पेन्शन मिळेल. पलटण मिळणार नाही. त्यांना पलटणच हवी होती.

आता त्यांच्यामागोमाग पळा. शारीरिक क्षमतेची चाचणी आहे. डॉक्टरांचा विरोध आहे, लाकडी पायाने धावायचं नाही असं बजावून झालंय. तरी ते धावतात. प्रत्येक पावलाला खोबणीत मांस घासतं, तिथे फोड येतात, फुटतात. खडकवासल्याच्या धुक्यातला तो पळणारा मुलगा आठवा. शर्यत संपली तेव्हा दोन्ही पाय असलेले सात अधिकारी त्यांच्या मागे होते.

तरीही फाईल हलेना. अखेर ती लष्करप्रमुख जनरल तपीश्वर नारायण रैना यांच्यापर्यंत गेली. रैनांनी त्यांना लडाखला बरोबर नेलं आणि बर्फात, विरळ हवेत, डोंगर चढताना पाहिलं. मग परवानगी दिली. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रैनांचा स्वतःचा एक डोळा दुसऱ्या महायुद्धात गेलेला होता. एका डोळ्याचा माणूस सैन्याच्या सर्वोच्च पदावर बसला होता म्हणून एका पायाच्या माणसाचं म्हणणं ऐकलं गेलं, असं मला ठामपणे वाटतं. अपंगांविषयीचे निर्णय जिथे होतात त्या खोलीत अपंग माणूस असावा लागतो.

कार्डोझो पलटणीचं नेतृत्व करणारे भारतीय सैन्यातले पहिले अपंग अधिकारी ठरले. पुढे ब्रिगेडही त्यांच्या हाताखाली आली. मेजर जनरल होऊन १९९३ मध्ये ते निवृत्त झाले. या दोन दशकांवरून मी तुम्हाला घाईने नेतोय, कारण पुढे खरं काम आहे.

निवृत्तीनंतर अशा नावाच्या माणसाला काय काय मिळू शकलं असतं! कंपन्यांची संचालकपदं, भाषणं, सत्कार, गोल्फचं मैदान. तुम्ही आता दिल्लीत आहात, ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ नॉर्दर्न इंडिया’च्या केंद्रात. या कामाचं मूळ आपल्या मुंबईतच आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये कुलाब्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी पहिली शाळा काढली, तिथून हे काम देशभर पसरलं. केंद्रातल्या खोलीत शिरा. एक सहा वर्षांची मुलगी पेला ओठांपर्यंत न्यायचा प्रयत्न करतेय. हात थरथरतो, पाणी सांडतं, शिक्षिका पुन्हा पेला भरते. घाई कुणालाच नाही. शेजारी आई बसलीय, तिने सहा वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज ऐकलीय. इथे एक निवृत्त मेजर जनरल येऊन काम करतो. सिल्हेटचा कारतूस साहेब.

युद्धात पाय गमावला तर समाज हार घालतो. जन्मतःच पाय वळलेले असले तर तोच समाज तोंड फिरवतो. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. आपल्या अपंगत्वाला मिळालेला मान त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. ज्यांच्या अपंगत्वाला कुणी मान देत नव्हतं त्यांच्या बाजूला जाऊन ते उभे राहिले.

२००५ मध्ये ते भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष झाले आणि २०११ पर्यंत त्या पदावर होते. ही परिषद काय करते हे थोडं समजून घ्या, कारण तिचं काम कुणाला दिसत नाही. १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. मूकबधिर मुलांना शिकवणारा शिक्षक, कृत्रिम पाय बसवणारा तंत्रज्ञ, वाचा-उपचार करणारा तज्ज्ञ, यांनी काय शिकायचं, किती शिकायचं, कुठल्या संस्थेत शिकायचं हे ती ठरवते. शिकून आलेल्यांची केंद्रीय नोंदवही ठेवते. नोंद नसलेल्या माणसाने असं काम करणं हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे जुन्नरच्या एखाद्या शाळेत अंध मुलाला ब्रेल शिकवायला येणारी बाई नीट शिकलेली असावी, याची व्यवस्था दिल्लीतल्या अशा कचेरीत होते. फायली, अभ्यासक्रम, तपासण्या, बैठका यांतून तिचं काम चालतं. यात ढोलताशे नाहीत, आरोळ्या नाहीत. कार्डोझोंच्या त्या सहा वर्षांतच, १ ऑक्टोबर २००७ रोजी, भारताने अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. त्या कराराला धरून पुढे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. आधी कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झालं.

दुसऱ्या बाजूने जखमी जवानांचं कामही चालूच राहिलं. १९६५ च्या युद्धात पाय गमावून पुढे उपलष्करप्रमुख झालेले लेफ्टनंट जनरल विजय ओबेरॉय यांनी युद्धजखमींसाठी संस्था काढली, तिच्याशी कार्डोझो जोडले गेले. मुंबईच्या मॅरेथॉनमध्येही ते धावले. ज्या शहरात जन्मले त्याच्याच रस्त्यावर, कृत्रिम पायाने.

आणि ते लिहीत राहिले. परमवीर चक्राच्या मानकऱ्यांवर, ‘आयएनएस खुकरी’ या १९७१ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेतून वाचलेल्यांवर, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांवर. वयाची ऐंशी उलटल्यावर १९७१ च्या युद्धकथा लिहिल्या आणि मग स्वतःची गोष्ट, ‘कारतूस साब’ या नावाने. पुस्तकांची ही यादी पाहिलीत तर लक्षात येईल की स्वतःवर लिहायची पाळी त्यांनी फार उशिरा आणली. आधी मेलेल्यांची आणि विसरलेल्यांची आठवण, मग आपली.

एक पुस्तक हातात घ्या आणि त्यांच्यासमोर बसा. खोलीत ऊन आलंय. तुम्ही त्यांना खुकरीबद्दल विचारणार, ते दिसतंच आहे तुमच्या चेहऱ्यावर. सगळेच विचारतात. विचारा, पण त्याबरोबर त्या थरथरत्या हाताच्या मुलीबद्दलही विचारा. पुनर्वास परिषदेत सहा वर्षं कसलं काम केलं, कुठे अडलं, कशाने पुढे गेलं, ते विचारा. श्याम केळकरांबद्दल विचारा. मेजर बशीरांबद्दल विचारा. दोन मिनिटांत सांगून संपणारं शौर्य ऐकायला आपण सगळेच तयार असतो. वर्षानुवर्षं चाललेली सेवा ऐकायला बसावं लागतं.

आता आपल्या वर्षात परत या. खुकरीने तोडलेला तो पाय बांगलादेशच्या मातीत आहे, तो त्यांचा त्याग. पण इरिलच्या टाक्यासारखं, अनोळखी माणसाच्या उपयोगी पडत राहील असं त्यांनी जे मागे ठेवलं ते त्या पायानंतरचं आहे. सैन्यात अपंग अधिकाऱ्याला पलटण मिळू शकते हा दाखला आणि अपंगांना शिकवणाऱ्यांच्या व्यवस्थेत घातलेली सहा वर्षं. माझ्या हिशेबात हे सिल्हेटपेक्षा मोठं आहे.

तुम्हाला एक काम सांगतो. जुन्नर, आंबेगाव, कुठेही राहत असाल, तुमच्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेला जा, गेल्या वर्षी ते पैसे कशावर खर्च झाले ते विचारा, शाळेला आणि दवाखान्याला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला आहे का ते विचारा, आणि गावातल्या अपंग माणसाला, मग तो माजी सैनिक असो की जन्मापासून घरात बसलेला असो, सोबत घेऊन जा.